मखर, मीठ आणि पेटंट

गणपतीला बारा दिवस उरले होते आणि माझ्या भाचीच्या लेझर मशिनची नळी फुटली.

इथे बडोद्यात मकरपुऱ्याला तिचं छोटं वर्कशॉप आहे. एमडीएफची आणि अॅक्रिलिकची मखरं, लग्नपत्रिका, दारावरच्या पाट्या असं सगळं ती लेझरने कापून देते. श्रावण-भाद्रपद म्हणजे तिची सुगी. आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांत गेल्या वर्षी तिच्याकडचंच मखर होतं. अशा ऐन वेळी तिचा फोन आला, "मामा, तू येतोस का? नळीला तडा गेलाय आणि दुकानदार म्हणतोय पाण्यामुळे झालं. पाण्याचं तुला कळतं."

पाण्याचं मला कळतं हे खरं. कलाभवनातून बाहेर पडल्यापासून निवृत्तीपर्यंत मी जड पाणी मऊ करण्याच्या धंद्यात होतो. (आता त्याला फॅकल्टी ऑफ टेक्नॉलॉजी म्हणतात, पण आमच्या पिढीच्या तोंडी कलाभवनच.) शाळेच्या पुस्तकात या पाण्याला 'दुष्फेन' असा भारदस्त शब्द असायचा. घरात त्याची ओळख सोपी. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गीझरच्या कॉइलवर चुन्यासारखा थर चढतो.

जाऊन पाहिलं. तिच्या मशिनमध्ये काचेची लांब नळी असते. आतल्या नळीत वायू भरलेला, तिच्याभोवती पाणी खेळायला दुसरी काचेची भिंत. मशिन चालू असताना नळी तापते, म्हणून पाणी सतत फिरवावं लागतं. त्या पाण्याच्या जागेत मला माझा जुना ओळखीचा दिसला, पांढरा खरखरीत थर. गर्दीच्या दिवसांत डिस्टिल्ड वॉटरचे कॅन संपले, म्हणून पोऱ्याने आठवडाभर बोअरचं पाणी ओतलं होतं. काचेवर क्षार बसले, तिथली उष्णता पाण्यात जाईना, एक भाग जास्त तापला आणि काच तडकली.

"मग मी सॉफ्टनर बसवून घेऊ का?" तिने विचारलं. माझ्या धंद्याच्या विरोधात असलं तरी मी नाही म्हणालो. सॉफ्टनर पाण्यातले क्षार काढून टाकत नाही, फक्त त्यांची अदलाबदल करतो. टाकीत राळेचे बारीक मणी असतात, त्यांना आम्ही रेझिन म्हणतो. त्या मण्यांवर सोडियम चिकटलेला असतो. जड पाणी वरून गेलं की मणी पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. थर बसायचा थांबतो, पण पाण्यात क्षार जवळजवळ तेवढेच राहतात आणि त्यातून वीज वाहते. हजारो व्होल्ट दाबावर चालणाऱ्या लेझरच्या नळीभोवती असं पाणी नको. तिथे डिस्टिल्डच हवं. (घरोघरी फिरणारे काही विक्रेते सॉफ्टनर आरओ म्हणून गळ्यात मारतात, तेही याच कारणाने खोटं. सॉफ्टनर लावून टीडीएस कमी होत नाही.)

नवी नळी यायला दोन दिवस होते. मशिन बंद, पोरं पॅकिंग करत बसलेली. चहा घेताना मी तिला विचारलं, "ही लेझरची जात कोणी शोधली ठाऊक आहे?"

"असेल कोणी अमेरिकन."

"बारामतीचा."

तिचा विश्वास बसेना. कुमार पटेल, जन्म 1938, बारामती. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून 1958 साली पदवी घेतली, मग स्टॅनफर्डला जाऊन 1961 साली डॉक्टरेट केली आणि अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये नोकरीला लागले. आपण मराठी असून गुजरातेत वाढलो, ते पटेल असून महाराष्ट्रात जन्मले, तेव्हा हिशोब बरोबरीचा. 1964 साली त्यांनी कार्बन डायऑक्साइडवर चालणारा लेझर करून दाखवला. सोडा वॉटरमध्ये असतो तोच वायू. सुरुवातीला त्याची शक्ती अगदी क्षीण होती. मग त्यांनी त्यात नायट्रोजन मिसळला. विजेने आधी नायट्रोजनचे रेणू चेतवायचे आणि त्यांनी आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला द्यायची, अशी ती साखळी. हेलियमही घातला की नको असलेली उष्णता निघून जाते. पुढच्या काही वर्षांत याच जातीचे लेझर शंभराहून जास्त वॅट द्यायला लागले. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, कारण त्याची तरंगलांबी 10.6 मायक्रोमीटर आहे. पण लाकूड, कापड, कागद, अॅक्रिलिक हे सगळं तो किरण शोषून घेतात आणि कापले जातात. शरीरातलं पाणीही तो शोषतं, म्हणून शस्त्रक्रियेतही हा लेझर वापरतात.

"मग पेटंटचे भरपूर पैसे मिळाले असतील त्यांना," भाची म्हणाली. धंदा करते, त्यामुळे तिचा पहिला प्रश्न हाच असायचा.

पेटंट 1971 साली मिळालं. शोधक म्हणून नाव पटेलांचं, पण मालकी बेल लॅबची. नोकरीत लावलेल्या शोधाचं बहुधा असंच होतं. पटेलांना मान मोठा मिळाला. 1996 साली अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक आणि 2012 साली तिथल्या शोधकांच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा. पण लेझरच्या पेटंटची खरी गोष्ट दुसऱ्याच एका माणसाची आहे आणि ती मला फार जवळची वाटते. का ते पुढे येईलच.

त्याचं नाव गॉर्डन गूल्ड. 1957 साली तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेट करत होता, वय 37. म्हणजे मागे पडलेलाच विद्यार्थी म्हणायचा. त्याच विद्यापीठात चार्ल्स टाउन्स हे नावाजलेले प्राध्यापक होते. त्यांनी मायक्रोवेव्ह लहरी वाढवणारं 'मेझर' नावाचं यंत्र बनवलं होतं आणि तेच प्रकाशाच्या बाबतीत करता येईल का, यावर ते विचार करत होते. गूल्डशी त्यांचं या विषयाच्या आसपास बोलणंही झालं होतं. नोव्हेंबरातल्या एका रात्री गूल्डला झोप लागेना आणि सगळं चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं. समोरासमोर दोन आरसे, मधे चेतवलेला पदार्थ, प्रकाश पुन्हा पुन्हा त्यातून जाऊन वाढत राहणार. त्याने वहीची नऊ पानं भरली. पहिल्याच पानाच्या मथळ्यात एक नवा शब्द लिहिला, 'लेझर'. आज आपण वापरतो तो शब्द.

मग त्याने शहाणपणाचं एक काम केलं. 13 नोव्हेंबर 1957 रोजी ती वही घेऊन तो ब्राँक्समधल्या गोळ्या-चॉकलेटच्या एका दुकानात गेला, कारण दुकानदार नोटरीही होता. योगायोग असा की त्याचंही आडनाव गूल्डच, नातं मात्र काही नाही. त्याने पानापानावर सही-शिक्का मारून दिला. विज्ञानातला एवढा मोठा दस्तऐवज पेपरमिंटच्या बरण्यांशेजारी नोंदवला गेला, हे मला फार आवडतं.

आणि मग त्याने चूक केली. वकिलाला भेटून आला तो असा समज करून घेऊन, की पेटंटसाठी चालतं यंत्र बनवून दाखवावं लागतं. तसं नसतं. यंत्र कसं बनवायचं हे जाणकाराला वाचून करता येईल इतकं नीट लिहून दिलं की पुरतं. पण गूल्ड यंत्र बनवायच्या मागे लागला. डॉक्टरेट अर्धी सोडली, टीआरजी नावाच्या कंपनीत नोकरी धरली. इकडे टाउन्स आणि त्यांचे मेहुणे आर्थर शॉलो यांनी बेल लॅबच्या वतीने जुलै 1958 मध्ये अर्ज टाकून दिला. गूल्डचा अर्ज गेला एप्रिल 1959 मध्ये. आठ महिन्यांहून जास्त उशिरा.

पुढचं सगळं एखाद्या नाटकासारखं आहे. टीआरजीने लेझरच्या संशोधनासाठी अमेरिकी संरक्षण खात्याकडे तीन लाख डॉलर मागितले. खात्याला कल्पना एवढी पटली की त्यांनी 9 लाख 99 हजार दिले! पण काम गुप्त ठरवलं, आणि गूल्ड तरुणपणी मार्क्सवादी अभ्यासगटात जात असे म्हणून त्यालाच परवानगी नाकारली. स्वतःच्या कल्पनेच्या कामावर त्याला बसता येईना. टाउन्स-शॉलो यांचं पेटंट मार्च 1960 मध्ये मंजूर झालं. मे महिन्यात थिओडोर मेमन या तिसऱ्याच माणसाने, ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत, माणकाचा स्फटिक वापरून जगातला पहिला चालता लेझर बनवला. 1964 साली टाउन्स यांना दोन रशियन शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळालं. गूल्डच्या हाती काय उरलं? शिक्का मारलेली वही.

तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात आधी कोणाला सुचलं याला किंमत होती. म्हणून वही पुढे करून तो भांडला. 1966 साली न्यायालयाने सांगितलं की सुचलं ते आधी हे ठीक, पण सुचल्यापासून अर्ज करेपर्यंत तुम्ही त्याच्यामागे सतत लागलेले होता हे सिद्ध होत नाही. हरला. पण त्याने अर्ज सोडला नाही. मूळ अर्जाचे तुकडे करून वेगवेगळ्या बाबींवर तो झगडत राहिला. वकिलांचा खर्च भागवायला त्याने आपल्या हक्कांतला मोठा हिस्सा आधीच विकून टाकला. अखेर 1977 साली त्याला एक महत्त्वाचं पेटंट मिळालं, प्रकाशाने चेतवलेल्या लेझरचं. 1979 मध्ये दुसरं, लेझरच्या वापरांविषयीचं. 1987 साली आणखी एक, विजेने वायू चेतवून चालणाऱ्या लेझरचं. म्हणजे माझ्या भाचीच्या मशिनचं कूळ. आणि त्याच सुमारास न्यायालयांनीही त्याच्या बाजूने कौल दिला.

यातली गंमत पाहा. त्या काळी अमेरिकेत पेटंट मंजुरीपासून 17 वर्षं चालायचं. टाउन्स-शॉलो यांचं 1960 चं पेटंट 1977 साली संपलं, तोवर लेझरचा धंदा बाळबोध अवस्थेतच होता. गूल्डची पेटंटं सुरू झाली ती कारखाने, दवाखाने, दुकानं सगळीकडे लेझर पोचल्यावर. ज्या उशिराने त्याचं नुकसान केलं त्याच उशिराने त्याला लाखो डॉलर मिळवून दिले. 1964 साली मंजुरी मिळाली असती तर इतकं मिळालं नसतं.

भाची ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, तुझं पण काहीतरी होतं ना पेटंटचं? आई सांगत असते."

आई म्हणजे माझी बहीण. आमच्या घरात ती गोष्ट जवळजवळ तीस वर्षं सांगितली जात होती, आणि प्रत्येक वेळी तिच्यात मी बिचारा असे. ती अशी.

रेझिनचे मणी कॅल्शियमने भरून गेले की सॉफ्टनर काम करत नाही. मग त्यावरून मिठाचं दाट पाणी सोडायचं. एरवी मण्यांना कॅल्शियम जास्त आवडतं, पण सोडियमची एवढी गर्दी झाली की कॅल्शियमला जागा सोडावी लागते. मणी पुन्हा ताजे होतात. मिठाचं ते पाणी गटारात जातं. 1996 च्या सुमाराला आमच्या भागीदारीतल्या वर्कशॉपमध्ये माझ्या लक्षात आलं की बाहेर पडणाऱ्या पाण्याचा पहिला भाग कॅल्शियमने भरलेला असतो, पण नंतरच्या भागात बरंचसं मीठ न वापरताच वाहून जातं. मी एक जास्तीची टाकी आणि एक व्हॉल्व्ह बसवला. पहिला भाग गटारात, नंतरचा टाकीत. पुढच्या खेपेला सुरुवात त्या साठवलेल्या पाण्याने करायची आणि शेवटी ताजं मीठ. मिठाची गोण पूर्वीपेक्षा चांगलीच जास्त टिकायला लागली आणि गटारात जाणारा खारटपणाही कमी झाला. मी हवेत होतो.

शहरात उद्योगांचं एक प्रदर्शन होतं. आम्ही टेबल घेतलं, चालता नमुना ठेवला, आणि मी आकृतीसकट गुजराती हँडबिल छापलं. तीन दिवसांत चारेकशे वाटली. येणाऱ्या प्रत्येकाला व्हॉल्व्ह उघडून दाखवला. बायको म्हणाली होती, "सगळं सांगून टाकू नका." मी म्हटलं, सांगितल्याशिवाय गिऱ्हाईक कसं येणार? सव्वा वर्षाने एका मोठ्या कंपनीच्या मशिनमध्ये मला तीच मांडणी दिसली. व्हॉल्व्ह जरा देखणा, एवढाच फरक.

रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. पेटंट एजंट म्हातारे गृहस्थ होते, मराठीच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अर्ज करण्याआधी हे कोणाला दाखवलं होतं का?" मी मोठ्या अभिमानाने बॅगेतून हँडबिल काढून टेबलावर ठेवलं. माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून जपून आणलेलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, "हा तुमच्या विरुद्धचा पुरावा आहे."

पेटंट हा सरकारशी केलेला सौदा असतो. तुम्ही आपली युक्ती जगाला उघड करून सांगायची आणि बदल्यात सरकार काही वर्षं इतरांना ती वापरायला मनाई करतं. मुळात 'पेटंट' या शब्दाचा अर्थच 'उघडं' असा आहे. मी माझी बाजू आधीच फुकटात पुरी करून टाकली होती. आता सौद्याला माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं. कायद्यात एक सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरतीच, आणि तिथेही बारा महिन्यांत अर्ज करायला हवा. आमच्या प्रदर्शनाचं तसं काही नव्हतं आणि बारा महिनेही उलटून गेले होते. परत येताना मी त्या कंपनीला मनसोक्त शिव्या दिल्या. पुढची कित्येक वर्षं देत राहिलो.

भाचीने हे ऐकलं आणि मोबाइल काढला. गूगल पेटंट्सवर जगभरची जुनी पेटंटं फुकट शोधता येतात, हे मला माहीत नव्हतं. तिने मला दोन-चार इंग्रजी शब्द विचारले, मीठ, सॉफ्टनर, परत वापर असे काही, आणि शोधत बसली. चहाचा दुसरा कप यायच्या आत तिने फोन माझ्यापुढे धरला. "मामा, हे बघ बरं. हीच का टाकी?"

एक जुनं अमेरिकन पेटंट होतं. हाताने काढलेली सुबक आकृती. दोन टाक्या, मधे व्हॉल्व्ह, पहिला भाग गटारात, दुसरा परत. माझ्या हँडबिलाच्या कित्येक दशकं आधीचं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. व्हॉल्व्हची रचना वेगळी होती, बाकी सगळं तेच.

माझी तेव्हाची स्थिती सांगणं कठीण आहे. तीस वर्षं ज्याला माझी चोरलेली वस्तू म्हणत होतो ती माझी कधी नव्हतीच. मी हँडबिल वाटलं नसतं, दुसऱ्याच दिवशी मुंबईला धावलो असतो, तरी कोणा तपासनिसाने हेच कागद समोर ठेवले असते. आणि त्या कंपनीने तरी माझ्याकडूनच घेतलं कशावरून? त्यांनीही बहुधा हेच कुठेतरी वाचलं असेल. पोरीला वाटलं मला वाईट वाटलंय. खरं सांगायचं तर आधी हसूच आलं. रात्री घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आता बिचारेपण संपलं."

त्यानंतर काही दिवस मला जुनी पेटंटं वाचायचा नादच लागला. सेवानिवृत्तांनी करून पाहावा असा छंद आहे. पाणी मऊ करण्याचा इतिहास त्यात पायरीपायरीने दिसतो. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी 1841 साली जड पाण्यात चुनाच घालून ते मऊ करण्याचं पेटंट घेतलं. ऐकायला उलटं वाटतं, पण मोजून घातलेला चुना पाण्यातल्या कॅल्शियमला बरोबर घेऊन तळाशी बसतो. 1850 साली इंग्लंडमध्ये थॉम्सन आणि वे यांना शेतातल्या मातीत क्षारांची अदलाबदल होते असं आढळलं. त्यांना शेणखतातला अमोनिया वाहून जायला नको होता, पाण्याचा विचार त्यांच्या मनातही नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनचे रॉबर्ट गान्स यांनी तेच काम करणारी कृत्रिम खनिजं तयार केली आणि 'परम्युटिट' या नावाने ती विकली गेली. 1935 साली इंग्लंडमध्ये अॅडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम राळेतही हाच गुण असल्याचं दाखवलं. ग्रामोफोनच्या फुटक्या रेकॉर्डींच्या चुऱ्यावरून त्यांना ते सुचलं असं सांगतात. मग 1944 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डी'आलेलिओ यांना पॉलिस्टायरीनच्या मण्यांचं पेटंट मिळालं. आज तुमच्या सोसायटीच्या सॉफ्टनरमध्ये जे पिवळट-तपकिरी मणी आहेत ते त्याच वंशातले.

ही सगळी पेटंटं कधीच संपली. म्हणून तर मला माझा धंदा करता आला. डी'आलेलिओंच्या वारसांना एक पैसा न देता आम्ही आयुष्यभर रेझिन विकलं. गूल्डचं 1987 चं पेटंट 2004 साली संपलं, पटेलांचं त्याच्याही आधी. आज मकरपुऱ्यातल्या एका गाळ्यात सत्तावीस वर्षांची मुलगी कर्ज काढून लेझरचं मशिन घेऊ शकते, त्यात या संपण्याचाही वाटा आहे. 'माझं चोरलं' असं म्हणताना मी कोणाकोणाचं फुकट वापरलं, याचा हिशोब मी कधी केला नव्हता.

असो. हा लेख लिहायचं कारण माझी गोष्ट नाही. नवी नळी बसल्यावर भाचीने पुन्हा असं होऊ नये म्हणून एक छोटी जुळणी केली. पाणी बिघडायला लागलं की मशिनला आधीच कळावं, अशा प्रकारची. बाजारात अशी साधनं आहेत, पण तिने ते ज्या पद्धतीने आणि ज्या थोडक्या किमतीत केलं ते मी तरी पाहिलं नव्हतं. गणपतीच्या सातव्या दिवशी ती म्हणाली, "मामा, याचं रील टाकते. लेझरवाल्यांचे ग्रुप आहेत, खूप बघतील." मोबाइल हातात, व्हिडिओ तयार.

माझ्या डोळ्यांपुढे हँडबिलांचा गठ्ठा आला.

मी तिला एवढंच म्हटलं, की रील हे चारशे हँडबिलांपेक्षा वाईट. त्यावर तारीख असते आणि ते जगभर पोचतं. टाकायचं तर जरूर टाक, पण आधी अर्ज. गूल्डसारखी वही शिक्का मारून ठेवायलाही हरकत नाही, पण तिच्या भरवशावर राहू नको. आपल्याकडे आधी अर्ज कोणाचा हेच पाहतात, आणि मार्च 2013 पासून अमेरिकेतही 'आधी सुचलं' हा नियम गेला. आज गूल्डची वही तिथेही कामाची नाही.

अर्ज करणं मला वाटलं होतं तितकं अवघड निघालं नाही. सुरुवातीला प्रोव्हिजनल अर्ज करता येतो. युक्ती काय आहे ते नीट लिहायचं, आकृती जोडायची, चालता नमुना लागत नाही. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1600 रुपये आहे. त्या दिवसापासून तुमची तारीख पक्की होते आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. ते चुकले तर अर्ज सोडून दिला असं धरतात. पुढे तपासणीची फी वेगळी, आणि पूर्ण तपशील लिहिताना एजंटची मदत घ्यावी असं माझं मत, कारण कोणत्या शब्दात हक्क मागितला यावर सगळं अवलंबून असतं. मंजूर झालं तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. गुजरात, मध्य प्रदेश आणि गोव्यातल्यांना मुंबईचं कार्यालय लागतं, तर बेळगाव आणि हैदराबादवाल्यांना चेन्नईचं. आपल्या वाचकांतल्या बऱ्याच घरांत कोणी ना कोणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतं आणि कॉलेजात प्रोजेक्टचं प्रदर्शन मांडतं, म्हणून हे सविस्तर लिहिलं. अर्जाआधी जुन्या पेटंटांत तासभर शोधावं, हेही आलंच. ज्ञात असलेल्या दोन वस्तू नुसत्या शेजारी ठेवल्या तर आपला कायदा त्याला शोध मानत नाही.

भाचीने तीन रात्री शोधलं. अगदी तसंच काही मिळालं नाही. मिळालं नाही म्हणजे नाहीच असं नव्हे, हे मी तिला माझ्या टाकीच्या आकृतीची आठवण देऊन सांगितलं. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री आम्ही दोघं तिच्या गाळ्यात बसून अर्ज भरत होतो. आकृती मी काढली, पेन्सिलने, कलाभवनात शिकवली होती तशी. साडेअकराला फी भरली आणि अर्जाचा नंबर आला. दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या मिरवणुकीत तिच्या पोरांनी ढोल जरा जास्तच जोरात वाजवला.

तिची युक्ती नेमकी काय, हे तुम्हाला जाणून घ्यायचं असेल. पूर्ण तपशील अजून जायचा आहे आणि त्यात ती रोज काहीतरी भर घालते आहे, जी पहिल्या अर्जात नाही. हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचायला दिला. तिने दोन वाक्यांवर लाल रेघ मारून परत पाठवला. मी ती निमूटपणे काढली.